साय-फाय स्कर्मिशसाठी नियम कुठले, मिनिएचर कुठल्या?

तिसरा_चंद्र

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. मला आणि माझ्या धाकट्या भावाला टेबलावर विज्ञानकथेच्या वातावरणातली छोटी चकमक खेळायची आहे. प्रत्येकी सहा ते दहा मिनिएचर (सैनिकांच्या छोट्या आकृत्या), त्याहून जास्त नकोत. फौजा रंगवत बसण्याइतका वेळ नाही आणि तेवढी चिकाटीही नाही. टेबल तीन फूट बाय तीन फूट मिळतं.

जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय. नियमांचं म्हणाल तर एक जण म्हणतो किल टीम घ्या, दुसरा म्हणतो इन्फिनिटीच्या तोडीचं काही नाही, तिसरा स्टारग्रेव्हवर अडून बसलाय, चौथा सांगतो नियम फुकट मिळतात, पैसे मिनिएचरवर घाला. आणि मिनिएचरचं तर विचारूच नका. २८ मिमी, ३२ मिमी, 'हिरॉइक', धातूच्या, रेझिनच्या, प्लास्टिकच्या, घरी थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या!

आमच्याबद्दल थोडं सांगतो. भाऊ नियमांचं पुस्तक वाचणार नाही, हे धरूनच चला. तोंडी समजावलं की तो झकास खेळतो आणि बहुतेक वेळा मलाच हरवतो. मला मात्र एका डावाचा परिणाम पुढच्या डावात दिसायला हवा: कुणी जखमी झाला, कुणाची बढती झाली, असं काहीतरी. तो नसेल तेव्हा एकट्याला खेळता आलं तर सोन्याहून पिवळं. माझ्याकडे १/७२ मापाचे आधुनिक प्लास्टिक सैनिक पडून आहेत, ते चालतील का तेही सांगा.

कोरडा_ब्रश

गेम्स वर्कशॉपचं किल टीम. फार विचार करू नका.

एक खोका म्हणजे एक संघ, बहुतेक संघांत दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी गडी. पट साधारण ३० बाय २२ इंचांचा, म्हणजे तुमच्या टेबलावर बसून बाजूला फासे ठेवायला जागा उरते. डाव चार टर्नचा. २०२१च्या आवृत्तीत अंतरं त्रिकोण, वर्तुळ, चौकोन अशा खुणांनी मोजायची होती, त्याला लोक वैतागले होते; २०२४च्या आवृत्तीत पुन्हा सरळ इंच आले. मिनिएचर तर देखण्याच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उद्या भाऊ कंटाळला तरी दुसरा भिडू शोधायला त्रास पडत नाही.

दोन_फासे

ब्रशराव, शेवटचा मुद्दा एकदम मान्य. बाकी तुमचं उत्तर बरोबर आहे, फक्त ते दुसऱ्याच माणसाच्या प्रश्नाचं आहे. भाऊ पुस्तक वाचणार नाही असं ते स्वच्छ सांगतायत. किल टीममध्ये प्रत्येक संघाचे खास डावपेच, त्यात प्रत्येक गड्याची वेगळी हत्यारं आणि कौशल्यं. खरी मजा तिथंच आहे, पण ती समोरच्याचा संघही अर्धा-पाऊण पाठ असला तरच येते. शिवाय २०१८, २०२१, २०२४ अशा आवृत्त्या आल्या. ज्यांना स्पर्धा खेळायच्या त्यांना नवं पुस्तक म्हणजे पर्वणी. दोघा भावांना घरात त्याचं काय?

आता तिसरा_चंद्र, तुमच्याकडे वळतो. जरा लांबण लावणार आहे, सवड काढून वाचा.

नियम निवडताना लोक पुस्तक किती पानांचं आणि फासा किती बाजूंचा हे बघतात. मी आधी एकच गोष्ट बघतो: समोरच्याचा टर्न चालू असताना मला काय करता येतं?

ढाल-तलवारीच्या खेळात हा प्रश्न एवढा टोचत नाही, कारण दोघं भिडेपर्यंत कुणी कुणाचं फारसं वाकडं करू शकत नाही. विज्ञानकथेत ज्याच्या त्याच्या हातात बंदूक असते. समजा बंदुकीचा मारा २४ इंच आणि गड्याची चाल ६ इंच. उघड्यावरून येणाऱ्याला तुमच्यापर्यंत पोचायला चार टर्न लागणार आणि ते चारही टर्न तुम्ही त्याला टिपत बसणार. त्यात एका बाजूचे सगळे गडी एकदम खेळणार आणि मग दुसऱ्या बाजूचे, असा नियम असेल तर पहिला टर्न ज्याचा त्याने तीन गडी उडवले आणि समोरचा हाताची घडी घालून बघत राहिला. शंभर गड्यांच्या फौजेतले तीन गेले तर कळतही नाही. आठातले तीन गेले की डाव आटोपला, उरतो तो फक्त उपचार.

यावर वेगवेगळ्या नियमकर्त्यांनी वेगवेगळी तोड काढली आहे. सगळ्यात साधी म्हणजे एक गडी तुझा, एक गडी माझा. किल टीम हेच करतं, मॅन्टिकचं डेडझोन हेच करतं, वन पेज रूल्सचं फायरफाइटही हेच करतं. समजायला अगदी सोपं, आणि कुणाला आधी हलवायचं यातच निम्मी बुद्धी खर्च होते. तुमच्या भावाला हे पाच मिनिटांत जमेल.

दुसरी तोड इन्फिनिटीची, आणि ती मला मनापासून आवडते. कॉर्व्हस बेली या स्पॅनिश कंपनीचा हा खेळ २००५ पासून आहे. तिथं प्रत्येक गडी एक ऑर्डर देतो, पण ती त्यानेच वापरली पाहिजे असं नाही. दहा गड्यांच्या दहा ऑर्डरी जमा झाल्या की त्यातल्या बहुतेक सगळ्या एकाच पठ्ठ्यावर उधळता येतात. तो मग गल्ली ओलांडून, जिना चढून, कुठल्या कुठे जातो. पण वाटेत तो ज्याच्या ज्याच्या नजरेस पडेल त्या प्रत्येकाला त्याच क्षणी उत्तर देता येतं: गोळी झाडा, नाहीतर आडोशाला उडी मारा. गोळीला गोळीने उत्तर दिलं की दोघंही वीस बाजूंचे फासे टाकतात. दान आपापल्या आकड्याच्या आत पडलं पाहिजे, आणि दोघांचंही आत पडलं तर ज्याचा फासा मोठा त्याची गोळी लागते, दुसऱ्याची फुकट जाते. म्हणजे टर्न समोरच्याचा असला तरी त्याचा सगळ्यात भारी गडी तुमच्या कोपऱ्यातल्या साध्या पहारेकऱ्याच्या हातून मरू शकतो. असं झालं की टेबलाभोवतीचे बघेसुद्धा ओरडतात.

मग तुम्हाला इन्फिनिटी का सुचवत नाही? नेहमीचा ३०० गुणांचा डाव (प्रत्येक गड्याची किंमत गुणांत असते, त्यांची बेरीज) चार बाय चार फुटांवर खेळतात. कौशल्यांची यादी लांबलचक आहे. काही गडी लपवून ठेवता येतात, त्यामुळे समोरच्याकडे काय असू शकेल हे माहीत नसेल तर पहिले काही डाव नुसता मार खाण्यात जातात. नियम आणि संघाची यादी बनवायचं अॅप फुकट आहे, तेव्हा चाळून जरूर बघा. पण पुस्तक न वाचणाऱ्या भावासाठी ते नाही.

तुमच्यासाठी माझं मत स्टारग्रेव्ह. जोसेफ मॅक्कुलो यांचं पुस्तक, ऑस्प्रे प्रकाशन, २०२१. एक कप्तान, एक फर्स्ट मेट (कप्तानाचा उजवा हात) आणि त्यांच्या हाताखाली आठपर्यंत सैनिक. म्हणजे तुम्ही मागितलेला आकडा जवळजवळ तसाच. प्रत्येक गड्याला दोन कृती, सर्वसाधारणपणे त्यातली एक चालण्याची. भावाला एवढंच सांगा, खेळता खेळता बाकीचं कळेल. आधी कप्तानांची फेरी, मग फर्स्ट मेटची, मग उरलेल्या सैनिकांची, आणि शेवटी पटावर फिरणाऱ्या जनावरांची. म्हणजे पूर्ण एक-एक गडी नाही, पण अख्खी बाजू एकदमही नाही. कप्तान जवळ उभ्या असलेल्या तीन सैनिकांना स्वतःबरोबर हलवू शकतो, त्यामुळे त्याच्याजवळ राहावं की पांगावं हा प्रश्न दर टर्नला पडतो.

मुख्य म्हणजे तिथं नुसतं मारून भागत नाही. पटावर लूट असते, ती आधी उघडावी लागते आणि मग पटाबाहेर न्यावी लागते. ओझं घेतलेला गडी सावकाश चालतो. डाव संपल्यावर त्या लुटीतून पैसे आणि सामान मिळतं, कप्तानाला अनुभव मिळतो, पडलेल्यांचं काय झालं त्याचा फासा टाकला जातो. तुम्हाला हवी ती 'पुढे काय झालं'ची सोय आयतीच.

एक खोट सांगून ठेवतो, नाहीतर नंतर शिव्या घालाल. स्टारग्रेव्हचा वीसचा फासा भलताच लहरी आहे. दोघं फासा टाकून त्यात आपापला गुण मिळवतात, ज्याची बेरीज मोठी तो जिंकतो. तुमचा गडी समोरच्यापेक्षा २ गुणांनी सरस असला तरी तो जिंकण्याची शक्यता फक्त ५७ टक्के भरते. म्हणजे जपून वाढवलेला कप्तान एखाद्या भुरट्याकडून सहज आडवा होतो. माझ्या घरी हे चालतं, ओरडाआरडा होतो आणि पुन्हा डाव मांडतात. ज्यांना पोटात दुखतं ते वीसच्या जागी दहाचे दोन फासे टाकतात. मग दान मधल्या आकड्यांकडे झुकतं आणि सरस गडी सरस ठरतो.

एकट्यासाठी मात्र वेगळं पुस्तक: फाइव्ह पार्सेक्स फ्रॉम होम, इव्हान सोरेन्सन यांचं. मोडिफियसने २०२१ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती काढली. ते मुळातच एकट्याने खेळण्यासाठी लिहिलेलं आहे, मागाहून शेवटी चिकटवलेल्या प्रकरणासारखं नाही. सहा जणांची टोळी, एक जुनाट जहाज, त्याचं कर्ज, आणि तक्तेच तक्ते. दर फेरीला टोळीतल्या प्रत्येकामागे एक फासा टाकायचा, ते फासे आपल्या मर्जीने वाटायचे. ज्याच्या वाट्याचा फासा त्याच्या चपळाईच्या आकड्याइतका किंवा कमी असेल तो शत्रूच्या आधी हलतो, बाकीचे नंतर. शत्रू कसा वागेल ते त्याच्या जातीवर ठरतं, कुणी अंगावर येतं, कुणी आडोसा धरून बसतं. दोन डावांमधली कामं, म्हणजे नोकऱ्या शोधणं, दुरुस्त्या, उधाऱ्या, यातच एक संध्याकाळ जाते. काहींना हा हिशेब जाच वाटतो. मला चकमकीपेक्षा तोच जास्त आवडतो, पण माझी आवड म्हणजे नियम नव्हे.

मिनिएचरबद्दल पुढच्या प्रतिसादात. हात दुखला.

रेझिनवाला

दोन_फासे यांनी नेक्रोमुंडाचं नावही घेतलं नाही! १९९५ चा खेळ, २०१७ मध्ये पुन्हा नव्याने आला. टोळ्या, इलाके, कायमच्या जखमा, डोळा फुटलेला म्होरक्या... 'एका डावाचा परिणाम पुढच्या डावात' हवा असेल तर याचा हात कुणी धरणार नाही.

आणि मिनिएचर विकत कशाला घ्यायच्या? रेझिन प्रिंटर घ्या, हवं ते छापा. दहा गडी एका रात्रीत.

दोन_फासे

नेक्रोमुंडा मुद्दामच घेतलं नाही. वहीखाते सांभाळायला दोघंही तयार असतील तर ते अप्रतिम आहे. इथं एकच तयार आहे. चार-पाच जणांचं टोळकं जमलं की नक्की करा, तोपर्यंत नको.

प्रिंटरचं म्हणाल तर 'एका रात्रीत' हे फक्त छापण्यापुरतं. नंतर ते धुवायचं, आधाराच्या काड्या तोडायच्या, अतिनील प्रकाशात पक्कं करायचं. कच्चं रेझिन हाताला लागता कामा नये, हातमोजे हवेत, खोलीत हवा खेळती हवी, घासताना मास्क हवा. ज्याला हे सगळं करायला आवडतं त्याच्यासाठी हा दुसरा छंद आहे, आणि चांगला आहे. ज्याला फक्त दहा गडी हवेत त्याने या फंदात पडू नये.

तर मिनिएचर. माझं म्हणणं असं की एकाच नियमाला बांधलेल्या घेऊ नका. स्टारग्रेव्ह आणि फाइव्ह पार्सेक्स दोघांनाही तुमचा गडी कुठल्या कंपनीचा याच्याशी घेणंदेणं नाही. उद्या नियम बदललात तरी तेच दहा जण नव्या पुस्तकात नोकरीला लागतात. उलटं मात्र होत नाही: गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्या स्पर्धांत त्यांच्याच मिनिएचर लागतात, तेव्हा स्पर्धेचा विचार असेल तर ब्रशरावांचं ऐका.

नॉर्थ स्टारने स्टारग्रेव्हसाठी काढलेले प्लास्टिकचे खोके बघा. एका खोक्यात वीस गडी, आणि त्यांना पुरून उरतील इतके हात, डोकी, बंदुका. वॉरगेम्स अटलांटिकची डेथ फील्ड्स ही मालिकाही अशीच कामाची. दोन वेगळ्या खोक्यांतली डोकी अदलाबदल केली की कुणाचा संघ कुणासारखा दिसत नाही. हेल्मेटवाल्या धडावर परग्रहवासीयाचं डोकं लावलं की झाला नवा गडी.

निवडताना एक गोष्ट करा. जाहिरातीच्या फोटोत मिनिएचर नेहमी समोरून, डोळ्यांच्या रेषेत दिसते. खेळताना तुम्ही तिच्याकडे वरून, हात-दीड हात अंतरावरून बघता. तिथून भुवई दिसत नाही, गालावरचा व्रण दिसत नाही. दिसतं ते हेल्मेटचा माथा, खांदे, पाठीवरची पिशवी आणि बंदुकीची लांबी. म्हणून पाठीमागून काढलेला फोटो शोधा आणि डोळे बारीक करून बघा. लांब बंदूकवाला कुठला, डॉक्टर कुठला, कप्तान कुठला, हे नुसत्या आकारावरून ओळखता आलं तर ती मिनिएचर खेळायला चांगली. नाहीतर दर टर्नला 'हा कोण रे?' चालू राहतं आणि भाऊ कंटाळतो. एक हात कमरेवर ठेवून तीच ऐट मारत उभे असलेले दहा जण कपाटात छान दिसतात, टेबलावर कामाचे नाहीत.

मापाबद्दल. २८ आणि ३२ या आकड्यांवर विसंबू नका, ते छापील आश्वासन आहे. कुणी पायापासून डोळ्यापर्यंत मोजतं, कुणी डोक्याच्या टाळूपर्यंत. 'हिरॉइक' म्हणजे डोकं, हात आणि बंदुका मुद्दाम मोठ्या केलेल्या. एका बाजूला हिरॉइक आणि दुसऱ्या बाजूला प्रमाणशीर असं असेल तर काही बिघडत नाही, शत्रू परकाच असतो. एकाच टोळीत दोन्ही मिसळले की खटकतं, आणि ते उंचीमुळे नाही, हातांच्या पंज्यांमुळे आणि बंदुकांच्या जाडीमुळे. उंचीचा फरक सहज खपतो.

१/७२ चं गणित सोपं आहे. पावणेदोन मीटरचा माणूस त्या मापात साधारण २४ मिमी भरतो. २८ च्या शेजारी ठेवलात तर शाळकरी पोरगा वाटेल आणि त्याची बंदूक म्हणजे टाचणी. पण दोन्ही बाजू १/७२ च्याच केल्यात तर अजिबात हरकत नाही. पाठीवर एखादी टाकी, डोक्यावर अँटेना चिकटवा, झालं भविष्य.

पदार्थ कुठला? पहिल्यांदा करताय तर कडक प्लास्टिक. त्याचा गोंद प्लास्टिक विरघळवून सांधा एकजीव करतो, चुकलं तर कापून पुन्हा जोडता येतं. धातूला आणि रेझिनला सुपरग्लू लागतो. धातूची मिनिएचर हातात घेतली की वजनाने बरं वाटतं, पण बारीक मनगटाला लावलेली लांब बंदूक तेवढ्याच सहजपणे सुटून येते. आत तारेचा तुकडा घालून जोडावं लागतं. रेझिनमध्ये बारकावे सुरेख उतरतात, खाली पडली की तुकडेही तितकेच सुरेख होतात.

पंधरा_मिमी

१५ मिमीचा कुणी उल्लेखही करत नाही, म्हणून नाइलाजाने लिहितो.

तीन फुटी टेबल आहे ना? १५ मिमीचे गडी घ्या आणि पुस्तकात जिथं इंच लिहिलंय तिथं सेंटिमीटर मोजा. तुमचं टेबल एकदम ९१ 'इंचां'चं होतं. मग मारा खरंच लांबचा वाटतो, वाहनं मावतात, अख्खी वसाहत मांडता येते. रंगवायला निम्म्याहून कमी वेळ. ग्राउंड झीरो गेम्सकडे विज्ञानकथेतल्या १५ मिमी मिनिएचरचा खजिना आहे, आणि त्यांचं स्टारग्रंट २ हे १९९६ चं पुस्तक त्यांनीच फुकट उपलब्ध केलंय. त्यात गड्यांचं प्रशिक्षण जितकं चांगलं तितका जास्त बाजूंचा फासा मिळतो. अजून कुणी त्यापेक्षा नेटका विचार केलेला मला दिसलेला नाही. फक्त ते तुकड्यांचं आहे, एकेका गड्याचं नाही.

तिसरा_चंद्र

सगळ्यांचे आभार! १५ मिमीचा मोह झाला, पण भावाला वरून बंदूक ओळखता आली पाहिजे हा मुद्दा पटला. तेव्हा २८, प्लास्टिक, एक खोका दोघांत वाटून. नियम स्टारग्रेव्ह, आणि एकटा असलो की तेच गडी घेऊन फाइव्ह पार्सेक्स.

दोन_फासे, आता पुढचे प्रश्न. खोका येईपर्यंत काही करता येईल का? बेस (मिनिएचरच्या पायाखालच्या चकत्या) किती मापाचे घ्यावेत? आणि रंग कसे द्यायचे, मला चित्रकलेत गती नाही.

दोन_फासे

खोक्याची वाट बघूच नका, आजच खेळा. बाटल्यांची झाकणं घ्या, तीस मिमीच्या आसपास असतात म्हणजे बेसच्या मापाचीच. वर कागद चिकटवून 'कप्तान', 'लांब बंदूक', 'डॉक्टर' असं लिहा आणि बाण काढा, तोंड कुठे ते कळायला. पुस्तकं आणि रिकामी खोकी म्हणजे इमारती. नियम आवडतात की नाही हे कळायला एवढं पुरतं. झाकणांनी खेळताना जो नियम रटाळ वाटतो तो रंगवलेल्या मिनिएचरनेही रटाळच वाटतो, फक्त तेव्हा कबूल करायला जड जातं.

हा पहिला डाव मांडताना टेरेन, म्हणजे पटावरच्या इमारती, भिंती, अडथळे, मात्र भरगच्च ठेवा, कारण या खेळात दुसरा सगळा पैसा आणि अक्कल टेरेनपुढे कमी पडते. मांडून झालं की टेबलाच्या एका कडेला डोळा पटाच्या पातळीवर आणा आणि समोर बघा. सरळ पलीकडची कड दिसली तर तिथं काहीतरी ठेवा. चारही बाजूंनी हेच करा. माझा अंदाज असा की तीन फुटी पटावर कुठलीही मोकळी रेषा दीड फुटापेक्षा लांब असू नये. एखादी असली तर मुद्दाम ठेवलेली असावी आणि तिच्या टोकाला लूट असावी, म्हणजे ती ओलांडायची हिंमत करायला कारण मिळतं. उंच इमारत टेबलाच्या मधोमध नको. जो आधी गच्चीवर पोचला त्याला सगळा पट दिसतो आणि दुसऱ्याला काहीच सुचत नाही. उंची कडेला ठेवा, मध्यभागी कमरेएवढे अडथळे, पाईप, पेट्या. आणि आत जाता येतील अशा दोन-तीन जागा हव्यातच, नाहीतर सगळे भिंतींना पाठ लावून गोळ्या झाडत बसतात.

बेस २५ मिमी गोल घ्या, चिलखतवाले धिप्पाड गडी असतील तर ३२. स्टारग्रेव्हला माप चालेल ते चालतं. किल टीममध्ये अंतर बेसच्या कडेपासून मोजतात आणि इन्फिनिटीत तर गड्याची उंची-रुंदी ठरवून दिलेली असते, तिथं मनमानी चालत नाही. खाली लोहचुंबक चिकटवून पत्र्याच्या डब्यात ठेवलेत तर बंदुका मोडत नाहीत.

रंगाचं टेन्शन घेऊ नका. विज्ञानकथेत चेहरे थोडे आणि चिलखत जास्त, त्यामुळे हे नवशिक्याचं राज्य आहे. सगळ्यांवर काळा किंवा गडद करडा प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) मारा. वरून, वरच्याच बाजूने, पांढऱ्या स्प्रेचा हलका शिडकावा द्या, म्हणजे वरून उजेड पडल्यासारख्या छटा आपोआप येतात. त्यावर पातळ पारदर्शक रंगाचा एक हात. सिटाडेलचे कॉन्ट्रास्ट रंग २०१९ पासून आहेत, तसे आता बऱ्याच कंपन्यांचे मिळतात. मग बंदुकीला धातूचा रंग, त्यावर काळसर वॉश (खाचांत साचणारा पातळ रंग). संपलं. एकच हौस करा: भावाच्या टोळीच्या प्रत्येक हेल्मेटवर एक ठळक रंग आणि तुमच्या टोळीच्या खांद्यावर दुसरा. कप्तानाला दोन्ही ठिकाणी. वरून बघितलं की क्षणात कळतं कोण कुणाचं.

कोरडा_ब्रश

रंगवण्याबद्दल एकच भर. प्रायमर मारायच्या आधी साच्याच्या रेषा (साच्याचे भाग जुळतात तिथं उठलेल्या) खरवडून काढा. पातळ रंग त्या रेषेत जाऊन बसतो आणि मग ती हेल्मेटवर आडवी उठून दिसते. बोथट पात्याची पाठ पुरते.

बाकी दोन_फासे, टेरेनबद्दल तुम्ही म्हणता ते किल टीमलाही लागू आहे. तिथं लपायचा हुकूम दिलेला गडी आडोशाला असेल तर सहसा त्याच्यावर नेमच धरता येत नाही, पण आडोसाच नसेल तर तो नियम कुठून कामाला येणार?

तिसरा_चंद्र

झाकणांनी एक डाव झाला! भाऊ जिंकला, सांगायलाच नको. माझा फर्स्ट मेट लूट घेऊन पटाच्या कडेपासून हातभर अंतरावर आडवा झाला.

भांडण मात्र एका जागी झालं. खोकं अर्धवट आड आलं की आडोसा धरायचा की नाही? तो म्हणे डोकं दिसतंय, मी म्हणे पाय दिसत नाहीत.

दोन_फासे

हे भांडण डावाच्या आधी मिटवायचं असतं, मधे नाही. टेरेन मांडून झालं की प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून मोठ्याने ठरवा: ही भिंत, नजर पूर्ण अडते. ही पेटी, नजर जाते पण आडोसा मिळतो. हा पाईप, ओलांडायला जादा चाल लागते. ही खिडकी, आतून गोळी झाडता येते. पाच मिनिटं जातात.

तरी मधे वाद झालाच तर गड्याच्या डोळ्यापाशी आपला डोळा नेऊन बघा, आणि समोरच्याच्या धडाचा काही भाग आड असेल तर आडोसा द्या. बंदुकीचं टोक, अँटेना, पिशवीचा पट्टा यांना शरीर धरू नका, नाहीतर ऐटीत बंदूक उंचावलेला गडी भिंतीमागे असूनही मरतो. तरीही एकमत होईना तर फासा टाका, एक ते तीन त्याचं खरं, चार ते सहा तुमचं, आणि पुढे चला.